आपली मुले आणि इंग्रजी उच्चार

(पालक मेळाव्यातील भाषण)



महापे येथील मेळाव्यात जे बोललो ते स्मरणिकेसाठी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. उच्चार हा विषय लिहिण्यापेक्षा करून दाखवण्याचा आहे. म्हणून वाचकहो, हे पान वाचताना एक लहान आरसा जवळ ठेवा आणि जिथे 'म्हणून पाहा' असे लिहिले आहे तिथे खरोखरच मोठ्याने म्हणून पाहा. घरातले हसले तर हसू द्या.

आपण राहतो तो भाग एकेकाळी गावांचा आणि शेताचा होता. मग ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने एम.आय.डी.सी.चे कारखाने आले. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. २००० सालानंतर याच महाप्यात मिलेनियम बिझनेस पार्कसारख्या इमारतींत संगणकाची आणि टेलिफोनवरून चालणारी कामे सुरू झाली. कारखान्याच्या दारात हात काय करू शकतो हे पाहिले जात होते. या नव्या दारात तोंड काय करू शकते हेही पाहिले जाते. शिवाय आपल्यातील कितीतरी घरांचा एक पाय १९७० च्या दशकापासून आखातात आहे. रत्नागिरी, रायगडच्या गावांतून कुवेत, दुबई, सौदीला गेलेली माणसे आपल्यापैकी बहुतेकांच्या नात्यात निघतील. तेथेही कामाच्या जागी मालक अरब, साहेब इंग्रज, शेजारी फिलिपिनो आणि हाताखालचा माणूस केरळचा, अशी स्थिती असली की सर्वांची मिळून भाषा इंग्रजीच होते.

आता आपला मुलगा किंवा मुलगी या दाराशी येते तेव्हा काय होते? विषय येत असतो, प्रमाणपत्र हातात असते, व्याकरणही फारसे वाईट नसते. महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तेव्हा दहा-बारा वर्षे शिकून झालेली असतात. तरी समोरच्याने "पार्डन?" असे दोनदा विचारले की मूल गप्प होते. एकदा गप्प झाले की पुढच्या प्रश्नाचे येत असलेले उत्तरही देत नाही. आमचा एक माजी विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन मुलाखतीला गेला आणि 'माझ्या करिअरविषयी' बोलताना तो शब्द आपण सर्व म्हणतो तसा पहिल्या अक्षरावर जोर देऊन 'कॅरिअर' असा म्हणत राहिला. ऐकणाऱ्या पाहुण्या साहेबाच्या कानाला तो सामान वाहणारा 'कॅरिअर' वाटला. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. नोकरी-व्यवसायाच्या शब्दात जोर शेवटी, 'रिअर'वर आहे. नोकरी त्याला पुढे दुसरीकडे लागली, पण ती मुलाखत एका शब्दाच्या जोरावर, किंबहुना चुकीच्या जागी दिलेल्या जोरावर, गेली.

अशा वेळी पालक दोन गोष्टी करतात. एक तर धाकट्याला घाईघाईने दुसऱ्या माध्यमात घालतात, नाहीतर 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या क्लासला पैसे भरतात. माध्यमाचा वाद मी आज काढत नाही. इतकेच सांगतो की इंग्रजी माध्यमाची मुलेही 'करिअर'ला 'कॅरिअर'च म्हणतात, कारण शिकवणारेही तसेच म्हणतात. उच्चार माध्यमाने येत नाही. तो कानाने येतो, आणि जीभ, ओठ, दात कुठे लावायचे हे कुणी दाखवले म्हणजे येतो.

आणि हे दाखवण्याची विद्या आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. माझा आजचा सगळा मुद्दा हाच आहे.

आपले मूल पाच-सहा वर्षांचे झाले की मक्तबात जाते. नूरानी कायदा हातात येतो. हाफिजसाहेब किंवा आपा त्याला नुसते अक्षर ओळखायला शिकवत नाहीत. ते कुठून निघते हे शिकवतात. यालाच मखरज म्हणतात. हे अक्षर घशाच्या तळातून, हे मधून, हे जिभेच्या शेंड्यातून, हे ओठांतून. मूल चुकले की उस्ताद पुन्हा म्हणायला लावतात, दहा वेळा, वीस वेळा, आणि त्यात कुणालाही अपमान वाटत नाही. इसवी सनाच्या आठव्या शतकात सीबवैह या इराणी विद्वानाने बसऱ्यात अरबी व्याकरणाचा जो मोठा ग्रंथ रचला, त्यात या उच्चारस्थानांचे बारकाईने वर्णन आहे. आपल्या मराठी वर्णमालेची रचनाही याच तत्त्वावर उभी आहे: क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूतून, मग मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य. म्हणजे आपल्या मुलाला सकाळी मक्तबात आणि दुपारी मराठीच्या तासाला, दोन्हीकडे एकच शास्त्र मिळते. फक्त इंग्रजीच्या तासाला ते दप्तरात बंद राहते.

तिलावतीचे स्थान वेगळे आणि इंग्रजीचे वेगळे, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसावी. येथे बोलणे आहे ते फक्त जिभेला लागलेल्या वळणाचे.

आता आरसा घ्या. अरबी मुळाक्षरांतले चौथे अक्षर आठवा, ज्याला उर्दूत आपण 'से' म्हणतो. उर्दू बोलताना 'सवाब', 'हदीस' हे शब्द आपण साध्या 'स'नेच म्हणतो. पण तज्वीद शिकवताना उस्ताद सांगतात की जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागले पाहिजे आणि हवा त्यातून हळूच निघाली पाहिजे. म्हणून पाहा. आरशात जिभेचे टोक दिसते ना? इंग्रजीतील 'थिंक', 'थ्री', 'थँक्यू' यांच्या आरंभी जो टी-एच आहे, तो हाच आवाज. इंग्रजी पुस्तकांत 'हदीस' हा शब्द शेवटी टी-एच घालून लिहितात, त्याचे कारणही हेच. आपण मात्र 'थ्री' म्हणताना मराठीतील 'थ' काढतो. त्यात जीभ दातांमागे जाऊन आपटते आणि हवा आधी अडते. ऐकणाऱ्याला कधी 'थ्री'ऐवजी 'ट्री' ऐकू येते. मराठीचा 'थ' चुकीचा आहे असे नाही, तो 'थंडी'साठी आहे.

त्यानंतर नववे अक्षर घ्या, 'ज़ाल'. 'ज़िक्र' या शब्दाचे पहिले अक्षर. जीभ तिथेच, फक्त आता गळ्यातून आवाज सोडायचा. 'दिस', 'दॅट', 'मदर', 'ब्रदर' या शब्दांत आपण 'द' म्हणतो, तिथे इंग्रजीत हा आवाज आहे. मक्तबात ज्याची 'से' आणि 'ज़ाल' पक्की झाली, त्याला इंग्रजीतील हा सर्वांत अवघड समजला जाणारा आवाज नव्याने शिकायचा नाही. जगातील कितीतरी भाषिकांना तो जन्मभर साधत नाही. फ्रेंच, जर्मन, इटालियन माणसे त्याच्या जागी आपापल्या भाषेतले 'स', 'ज़', 'त', 'द' वापरतात. आपल्या सहा वर्षांच्या मुलीला तो येतो, आणि तिला कुणी सांगितलेले नाही की तो इंग्रजीतही चालतो!

पुढचे अक्षर 'फे'. वरचे पुढचे दात खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला टेकवून हवा सोडायची. मराठीतील 'फळ', 'फूल' यांचा जुना 'फ' दोन्ही ओठ मिटून निघतो; इंग्रजी 'फॅन', 'फाइल' यांचा निघतो दात आणि ओठ यांतून. उर्दू बोलणाऱ्या घरात हा आयताच असतो. आता दात ओठावरून न हलवता गळ्यातून आवाज सोडा. गळ्यावर बोट ठेवून पाहा, थरथर लागली पाहिजे. हा झाला इंग्रजीचा 'व्ही'. अरबीत हा आवाज नाही, पण 'फे' ज्याला येतो त्याला तो एका मिनिटात काढता येतो. आणि 'डब्ल्यू'? तो आपला 'वाव'. ओठ गोल, दात कुठेही लागत नाहीत. मराठीचा 'व' या दोहोंच्या मधला आहे, म्हणून आपल्याकडे 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'वेस्ट' म्हणजे बनियन यांत फरक उरत नाही. पश्चिमेला ओठ गोल करा, बनियनला दात टेकवा.

'ज़े'बद्दल फार सांगत नाही, तो आपल्या मुलांना येतो. आठवण एवढीच द्यायची की इंग्रजी लिपी फसवते. 'इज', 'वॉज', 'बॉइज' यांत अक्षर एस आहे, पण आवाज 'ज़े'चा. आणि 'मेझर', 'प्लेझर', 'टेलिव्हिजन' यांत मधला आवाज 'शीन'मध्ये गळ्याची थरथर घातली की निघतो. तो न काढल्याने माप घेण्याचे 'मेझर' हे सैन्यातल्या 'मेजर'सारखे ऐकू येते.

इथवर आपली बाजू वरचढ आहे असे वाटेल. पण एका ठिकाणी आपला मराठी शेजारी आपल्यापुढे आहे, आणि ते मोकळेपणाने मानले पाहिजे. आपल्यातील उर्दू बोलणारी पुष्कळ मुले 'इस्कूल', 'इस्टेशन', 'इस्पोर्ट' म्हणतात. वर्गात यावर हसू होते. काही वेळा, सांगायला वाईट वाटते, शिक्षकही हसतात. वास्तविक यात गावंढळपणा नाही. अरबी-फारसी वळणात शब्दाच्या आरंभी दोन व्यंजने जोडून येत नाहीत, म्हणून जीभ पुढे एक 'इ' ठेवून पायरी करते. लॅटिनमधला तबेल्याचा 'स्ताबुलुम' हा शब्द अरबीत 'इस्तबल' होऊन आला आणि उर्दूतही राहिला. स्पॅनिश लोक शाळेला 'एस्क्वेला' म्हणतात आणि इंग्रजी बोलताना त्यांच्याही तोंडी 'एस्कूल' येते. उलट इटालियन माणसाला आरंभीचे 'स्क' सहज येते, पण त्याच्या भाषेतले बहुतेक शब्द स्वराने संपतात, म्हणून तो इंग्रजी शब्दाच्या शेवटी एक छोटा स्वर चिकटवतो. अरबाला 'प' नाही, म्हणून आखातात 'पार्किंग'चे 'बार्किंग' होते. इंग्रजीत त्याचा अर्थ कुत्र्याचे भुंकणे, आणि तरीही त्या माणसाची मोटार तेथे सुखरूप उभी राहते. प्रत्येक भाषेचा शिक्का तिच्या माणसाच्या जिभेवर असतोच.

तर 'इस्कूल'ला उपाय काय? मराठीत 'स्नान', 'स्पर्श', 'स्थळ' हे शब्द रोजचे आहेत. शेजारच्या मराठी मुलाबरोबर ते म्हणावेत. नाहीतर 'स' लांबवावा, साप फुत्कारतो तसा: स्‌ऽऽऽ, आणि तो चालू असतानाच 'कूल' जोडावे. पंधरा दिवसांत 'इ' गळून पडतो. मराठीने इंग्रजीसाठी आणखी एक सोय केली आहे, चंद्राच्या खुणेची. 'बॅट', 'कॉलेज' हे स्वर तिने लिपीत आणले. आपल्याकडे अजून 'कालिज' चालते. मराठी वाचणाऱ्या मुलाने ही चंद्रखूण डोळ्यांपुढे आणली तरी तो स्वर सुधारतो.

आता ज्याने खरे काम अडते त्या गोष्टीकडे येतो. वरचे सगळे आवाज थोडे इकडेतिकडे झाले तरी ऐकणारा सांभाळून घेतो. पण शब्दातला जोर चुकला की त्याला शब्दच ओळखू येत नाही. हैदराबादला १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली, तेथील प्राध्यापक बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी इतरांना कितपत कळते याचा अभ्यास करून तो १९६९ साली प्रसिद्ध केला. शब्दाघात चुकणे हे न समजण्याचे एक मोठे कारण म्हणून त्यांनी नोंदवले आहे. आम्हा शिक्षकांना बी.एड.ला याविषयी एखादे व्याख्यान मिळते, आणि शाळेत तर त्याचा उच्चारही होत नाही.

मराठी, उर्दू, कोकणी या आपल्या भाषांत शब्दातील अक्षरे साधारण सारख्या वजनाने येतात. इंग्रजीत तसे नाही. एका अक्षरावर जोर, ते लांब आणि स्पष्ट; बाकीची घाईत, अर्धवट गिळलेली. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर. 'फोटोग्राफर' म्हटले की तो 'टॉ'वर सरकतो आणि पहिला 'फो' नुसता 'फ' होतो. 'फोटोग्राफिक'मध्ये आणखी पुढे, 'ग्रॅ'वर. 'इंटरव्ह्यू'त पहिल्यावर. 'सर्टिफिकेट'मध्ये 'टि'वर, 'डेव्हलपमेंट'मध्ये 'व्हे'वर, 'एक्स्पीरिअन्स'मध्ये 'पी'वर. 'एंजिनिअर'मध्ये शेवटी, 'होटेल'मध्येही शेवटी. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. मुलाखतीत नेमके हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, म्हणून दहावी-बारावीच्या मुलांनी दुसरे काही नाही तरी असे पन्नास शब्द जोरासकट पाठ करावेत.

जोर कुठे आहे हे कळायचे कसे? शब्दकोशात. डॅनिएल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ साली निघाला, आणि हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांचा ऑक्सफर्ड कोश १९४८ पासून घरोघर आहे. त्यांत जोराच्या अक्षराआधी वर एक बारीक उभी रेघ असते. मुले अर्थ पाहतात, रेघ पाहत नाहीत. आता तर मोबाइलमधला शब्दकोश शब्द बोलूनही दाखवतो. ज्या फोनवर आपली मुले रात्री बारापर्यंत चित्रफिती पाहतात, त्याच फोनवर आपला आवाज भरून घेऊन कोशातल्या आवाजाशेजारी ठेवून ऐकता येतो. पूर्वी ही सोय फक्त मोठ्या संस्थांच्या भाषा-प्रयोगशाळेत होती.

जोराबरोबर आणखी एक लहान गोष्ट येते. जोराच्या अक्षरात आरंभी प, ट, क आले की इंग्रज त्यात हवेचा झोत सोडतो. तोंडापुढे कागदाची पट्टी धरून 'पेन' म्हणा. पट्टी हलली पाहिजे. न हलली तर परदेशी कानाला 'बेन' ऐकू येण्याचा संभव असतो. आपल्याकडे 'प' आणि 'फ' असे दोन वेगळे असल्याने आपण काटेकोरपणे हवा रोखतो. फोनवर बोलण्याच्या कामात याने फार घोळ होतो.

मात्र इथे एक इशारा दिला पाहिजे. काही टेलिफोन केंद्रांत एके काळी मुलांना अमेरिकन सूर काढायला आणि फोनवर परके नाव सांगायला शिकवत. काही मुले तो सूर घरी घेऊन येत आणि अम्मीशीही तसेच बोलू लागत. हे उच्चार सुधारणे नव्हे, ही नक्कल झाली, आणि नक्कल थकल्यावर उतरते. आपल्याला इंग्रज दिसायचे नाही. समोरच्याने पुन्हा विचारू नये, एवढेच साधायचे आहे. 'र' आपला थोडा ठणठणीत राहिला तर राहू द्या. तो कुणाला अडत नाही.

मक्तबातून निघालेली जीभ इंग्रजीत कुठवर जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. बद्रुद्दीन तय्यबजी लहानपणी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये गेले, १८६० साली वयाच्या सोळाव्या वर्षी विलायतेला पोहोचले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईच्या हायकोर्टात उभे राहिले. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत ते होते. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले आणि पुढे न्यायमूर्ती झाले. इंग्रज न्यायाधीशासमोर इंग्रजीत वाद घालणाऱ्या या माणसाने घरात उर्दूच जोपासली.

मेळाव्यानंतर एका आईने विचारले, "सर, मला इंग्रजी वाचताही येत नाही, मग मी घरी काय करू?" प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर या लेखातील सर्वांत उपयोगी भाग ठरेल असे मला वाटते. इंग्रजी न येणारा माणूस यातले तीन आवाज नुसते डोळ्यांनी तपासू शकतो. मुलाला इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचायला बसवा. पुस्तकात टी-एच जिथे येतो तिथे त्याला आधी पेन्सिलीने खूण करू द्या. व्ही आणि डब्ल्यू यांनाही वेगवेगळ्या खुणा. मग आई किंवा दादी समोर बसेल. पहिल्या खुणेवर जिभेचे टोक दिसले पाहिजे. दुसऱ्या खुणेवर वरचे दात खालच्या ओठावर दिसले पाहिजेत. तिसऱ्यावर ओठ गोल झाले पाहिजेत. नाही दिसले तर दादीने हात वर करायचा, आणि मुलाने ती ओळ पुन्हा वाचायची. रोज मगरिबनंतर दहा मिनिटे, एका वेळी अर्धे पान. ज्या दादीने कायदा नीट म्हटला आहे, तिला मुलाची चूक आमच्या आधी दिसेल.